इंजिन खोलताना...

जुनी गाडी पाळणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला पुसणाऱ्यांचा. यांची गाडी कायम झळझळीत असते, दर रविवारी तिला फडका लागतो आणि बॉनेट उघडायची वेळ आली की हे लोक दोन पावलं मागे सरकतात. दुसरा खोलणाऱ्यांचा. यांची नखं कधी स्वच्छ नसतात, स्वयंपाकघरातल्या एक-दोन पराती कायम गॅरेजमध्ये अडकलेल्या असतात आणि गाडी वर्षातले दहा महिने लाकडी ठोकळ्यांवर उभी असते. आमच्या घरात दोन्ही नमुने आहेत. बाबा पहिल्या पंथाचे, मी दुसऱ्या. आणि आमच्या दोघांच्या मधे एक गाडी आहे : १९६८ सालची फियाट ११००, लोक जिला डिलाइट म्हणत ती.

बाबांनी ती १९७९ मध्ये सेकंडहँड घेतली. नवीन घ्यायची म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, असा तो काळ. सतरा वर्षं ती चालली. १९९६ मध्ये अमरावतीहून परत येताना कोंढाळीच्या अलीकडे एक कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकच्या पोटाला भोक पाडून बाहेर आला. इंजिन तिथेच संपलं. गाडी ट्रकला बांधून प्रतापनगरच्या घरी आली आणि मागच्या शेडमध्ये जाऊन बसली. तेव्हापासून बाबांनी तिला फडका मारणं सोडलं नाही. इंजिन नसलेल्या गाडीचा टप एवढा चमकताना मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

तर, इंजिनाचा शोध. फियाटचं, म्हणजे पुढच्या पद्मिनीचंही, पेट्रोल इंजिन मिळणं आता सोपं राहिलेलं नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. पेपरांत तेव्हा बरेच हळवे लेख आले. पण टॅक्सी रस्त्यावरून गेली की कुठे जाते, हे त्या लेखांत नव्हतं. ती भंगारात जाते. आणि भंगारात इंजिनाचं काय होतं, हे मला आमच्या मिस्त्रीकाकांनी सांगितलं.

इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बीडाचा. दोन्हींचे भाव वेगळे. अॅल्युमिनियम महाग, बीड स्वस्त. त्यामुळे भंगारवाला एक-एक नट खोलत बसत नाही. तो घणाने हेड फोडून वेगळं काढतो, कारण त्याला पार्ट विकायचा नसतो, धातू विकायचा असतो. पाच मिनिटांत दोन ढीग तयार.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर काकांचा फोन आला, "भाऊ, कामठी रोडले एक पद्मिनीचं इंजिन आलं आहे. आज आहे, उद्याचं मी सांगत नाही," तेव्हा मी ऑफिसातून थेट निघालो. ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे एका वखारीत, फ्रीजचे कॉम्प्रेसर आणि कूलरच्या टपांच्या मधे ते पडलं होतं. कार्बोरेटर गायब, डायनॅमो गायब, पण हेड जागेवर. वजनाच्या भावाने सौदा झाला. पावती मात्र रीतसर घेतली. आरसी बुकात इंजिनाचा नंबर असतो आणि इंजिन बदललं की आरटीओत त्याची नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी ते कुठून आणलं हे दाखवायला कागद हवा.

इंजिन घरी आलं. बाबांनी बघितलं आणि विचारलं, "किती दिवस?"

बाबा ७८ वर्षांचे आहेत. त्यांना ही गाडी घेऊन एकदा रामटेकला जायचं आहे. बाकी काही नाही. म्हणून हा प्रश्न साधा नव्हता.

*

आता थोडं या इंजिनाच्या कुळाबद्दल, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. १८८२ चा जन्म. जहाजं, विमानं आणि मोटारी हिंदुस्थानात बनल्या पाहिजेत, या ध्यासाचा माणूस. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये वालचंद गेले आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आपल्याकडे आली. पुढे तीच नावं बदलत गेली. १९७२ च्या सुमारास प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी, आणि साधारण २००० सालापर्यंत बनत राहिली.

गंमत इंजिनाची आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची वर-खाली धाव ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सीसी. ही मापं १९३७ सालची आहेत. दान्ते जाकोझा नावाच्या फियाटच्या इंजिनिअरच्या काळातल्या बालिल्ला ११०० या गाडीत ती पहिल्यांदा आली. नंतर त्यात सुधारणा होत गेल्या, ताकद वाढली, पण ६८ बाय ७५ तसंच राहिलं. इटलीत ११०० ची शेवटची आवृत्ती १९६९ मध्ये बंद झाली. कुर्ल्यात ते माप त्यानंतरही तीस वर्षं टिकलं.

एखादं माप साठ वर्षं टिकतं तेव्हा लोक परवाना राज, स्पर्धेचा अभाव वगैरे कारणं सांगतात. ती खरीच आहेत. कंपनीला बदलायची गरज वाटली नाही, आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला जागा नव्हती. पण त्याने एवढंच कळतं की इंजिन *बनत* का राहिलं. एकेक इंजिन *चालत* का राहिलं, चार-चार मालकांच्या हाताखाली तीस-चाळीस वर्षं, हे कळायला ते खोलावं लागतं.

*

खोलायला घेतलं जानेवारीत. नागपुरात ही कामं थंडीतच करावीत. शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिलेले आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात पाना हातात धरवत नाही.

पहिली अडचण म्हणजे इंजिन जाम होतं. क्रँकशाफ्टच्या पुढच्या नटाला पाना लावून फिरवायचा प्रयत्न केला तर हलायला तयार नाही. मी पान्याला चार फुटी पाइप अडकवला. काकांनी तो काढून घेतला. "भाऊ, तुम्ही ताकद लावून राहिले. ताकदीचं काम नाही आहे ते."

मग चारही प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि पातळ तेल यांचं मिश्रण ओतलं. पूर्वी यासाठी रॉकेल वापरत, ते आता कुठे मिळतं! रोज सकाळी थोडं ओतायचं, नट उजवीकडे-डावीकडे नुसता चेपून बघायचा आणि आपल्या कामाला जायचं. बाबा रोज विचारत, "हललं?" नवव्या दिवशी अर्धा इंच हललं. एवढ्या आनंदाची गोष्ट घरात बऱ्याच दिवसांत घडली नव्हती. बाबांनी तर्री-पोहे मागवले.

हेड काढायचीही रीत आहे. नट एकदम सोडायचे नाहीत. बाहेरच्या टोकापासून सुरुवात करून आत मध्याकडे यायचं, प्रत्येकाला पाव-पाव फेरा देत. आवळताना बरोबर उलट, मधून बाहेर. कारण अॅल्युमिनियम मऊ असतं, एका बाजूचा दाब आधी गेला तर ते वाकतं, आणि मग ते सपाट करायला मशीनवर तासावं लागतं. शिवाय अॅल्युमिनियम गरम झाल्यावर बीडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. वर्षानुवर्षं रोज दोन धातू एकमेकांवर असे सरकत असतात, आणि त्यांच्या मधे तांबं-अॅस्बेस्टॉसचं एक जुनं गॅस्केट पापडासारखं पडून असतं.

हेड निघालं आणि चारही सिलिंडर समोर आले. खोलणाऱ्या माणसाला या क्षणाचं व्यसन असतं. कारण जळण्याची जागा खोटं बोलत नाही. बदामी, कोरडा कार्बन असेल तर ते सिलिंडर सुखात जगलं. काळा, ओलसर, तेलकट असेल तर रिंगा झिजल्यात आणि तेल वर येतंय. पांढुरकं असेल तर फार तापत होतं.

आमच्या इंजिनात पहिलं आणि दुसरं काळं, तेलकट. तिसरं बदामी. चौथ्यात कार्बनचा पत्ता नाही. धातू धुऊन काढल्यासारखा उघडा आणि त्यावर गंजाची लाल भुकटी. काकांनी गॅस्केट उचलून उजेडात धरलं. चौथ्या सिलिंडरच्या आणि पाण्याच्या वाटेच्या मधे ते करपून तुटलेलं होतं. म्हणजे इंजिन चालू असताना चौथ्यात पाणी शिरत होतं. त्याची वाफ होऊन कार्बन धुतला जात होता. मग एक दिवस गाडी बंद केली ती केलीच, आत राहिलेल्या पाण्याने रिंगा भिंतीला गंजून चिकटल्या, आणि 'इंजिन जाम, गाडी भंगारात'. एका गॅस्केटपायी.

गॅस्केट का करपलं तेही पुढे कळलं. पाण्याच्या जॅकेटमधून मी चमच्याने खरवडून दोन वाट्या भरून चुनखडी आणि गंज काढला. बोअरवेलचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की हे असंच होतं. सगळ्यात मागच्या सिलिंडरभोवती, म्हणजे चौथ्याच्याच, गाळ साचून पाणी फिरायची जागाच उरली नव्हती. थर्मोस्टॅटही काढून टाकलेला होता. आपल्याकडे गाडी तापते म्हणून तो काढायची जुनी पद्धत आहे. त्याने तापणं थांबत नाही. उलट सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, तोवर न जळलेलं पेट्रोल भिंतींवरचं तेल धुऊन नेतं आणि पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरसारखी झीज वाढते.

*

इथपर्यंत हे इंजिन म्हणजे हलगर्जीपणाची कहाणी वाटली होती. पण मग खालचा भाग उघडला.

आधी पेट्रोल पंप काढला. हा पंप इंजिनाच्या अंगाला दोन नटांवर बसतो आणि त्याच्याखाली एक जाड कागदी गॅस्केट असतं. कागद सुटा झाला तो तेलाने पारदर्शक झालेला, पण त्यावर छपाई दिसत होती. लाल अक्षरं. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' एवढं सरळ वाचता आलं, आणि खाली कोपऱ्यात 'शके १९०९'. लग्नपत्रिका! कोणा मिस्त्रीने १९८७ च्या लग्नसराईनंतर कधीतरी, दुकानात गॅस्केट मिळालं नाही म्हणून, हाताशी होती ती पत्रिका ब्लेडने कापून बसवली होती. आणि ती गळली नव्हती. बाबांना चष्मा लावून पत्रिका वाचायला दिली. ते बराच वेळ नाव शोधत राहिले. नाव कापलं गेलं होतं.

मग तेलाची टाकी काढली आणि क्रँकशाफ्टच्या तीन मुख्य बेअरिंगांच्या टोप्या एकेक करून सोडल्या. मधल्या बेअरिंगच्या पत्र्यामागून चकाकणारं काहीतरी निघालं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

ज्यांना या कामाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो, त्या दोघांच्या मधे केसाएवढी फट असते आणि तिच्यात दाबाने तेल भरलेलं असतं. झीज होऊन फट वाढली की तेल निसटतं, दाब पडतो, खालून ठकठक ऐकू येते. योग्य उपाय म्हणजे क्रँकशाफ्ट काढून ग्राइंडिंग करणं आणि नवीन, जाड बेअरिंग टाकणं. गरिबाचा उपाय म्हणजे जुन्या बेअरिंगखाली चांदीचा कागद सारून ते एक केस वर उचलणं. पुस्तकात याला सक्त मनाई आहे.

मी नाक मुरडलं. काकांनी ती चांदी दोन बोटांत धरून खिडकीकडे नेली आणि मला बोलावलं. "हे पाहा." चांदीच्या तुकड्याला मधोमध एक गोल भोक होतं, अगदी स्वच्छ कापलेलं. बेअरिंगला तेल यायचं जे भोक असतं त्याच्या नेमक्या समोर, नेमक्या मापाचं. ते भोक पाडलं नसतं तर तेल अडलं असतं आणि शंभर किलोमीटरच्या आत इंजिन गेलं असतं. पाडलं म्हणून ते कदाचित पुढची दहा वर्षं चाललं. "पैसे नव्हते मालकाजवळ," काका म्हणाले, "पण मिस्त्री शायना होता."

बाबा खुर्चीवरून बघत होते. पुसणाऱ्या पंथाचे असले तरी जन्मभर त्यांनी सरकारी खात्यात हिशेब तपासले आहेत. ते म्हणाले, "भोक नसतं पाडलं तरी त्याचे त्या दिवशीचे पैसे मिळालेच असते."

*

पिस्टन निघाले. प्रत्येकाच्या माथ्यावरचा कार्बन खरवडल्यावर एक ठसा दिसला : ०.६०.

सिलिंडरची भिंत झिजते, आणि सारखी झिजत नाही. पिस्टन जळत्या वायूच्या दाबाने खाली येताना कनेक्टिंग रॉड तिरका असतो, म्हणून तो भिंतीच्या एका बाजूवर रेलतो. त्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होतं, आणि वरच्या टोकाला, जिथे रिंग पोचत नाही, तिथे एक न झिजलेली कड उरते. तिच्यावर अंगठ्याचं नख अडकलं की समजावं, वय झालं. मग लेथवाला भिंत थोडी कापून भोक पुन्हा गोल करतो आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसतो. ०.६० म्हणजे मूळच्या ६८ मिलिमीटरवर ०.६ मिलिमीटर जास्त. मी गंमत म्हणून हिशेब केला. ६८.६ मिलिमीटरने हे इंजिन १०८९ सीसी राहत नाही, जवळपास ११०९ सीसीचं होतं. माणूस वयाबरोबर आक्रसतो, इंजिन थोडं थोडं वाढतं.

आता मुद्दा असा की ही सोय आपोआप होत नाही. ज्याने ब्लॉक आखला त्याने भिंत गरजेपेक्षा जाड ठेवली. कारखान्यातून निघताना त्या जादा धातूचा गाडीला काहीच उपयोग नव्हता, उलट वजनच होतं. तो ठेवला होता वीस वर्षांनंतरच्या, न पाहिलेल्या मिस्त्रीसाठी. क्रँकशाफ्टचंही तसंच, त्यालाही दोन-चारदा घासता येईल एवढं अंग. आजच्या बऱ्याच इंजिनांत भिंती पातळ असतात किंवा त्यांच्यावर खास लेप असतो. ती आमच्या इंजिनापेक्षा कमी पेट्रोल पितात, कमी धूर सोडतात आणि झिजायलाही वेळ घेतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण संपली की अख्खी बदलायची. आमच्या इंजिनाच्या पोटात मात्र पुढच्या दुरुस्त्या आधीच भरून ठेवल्या होत्या. मर्यादित. ०.८०, आणि मग १.००. त्यानंतर भिंतीत हात घालता येत नाही.

या उरलेल्या धातूवरून आमच्या घरात आठ दिवस वाद झाला.

ब्लॉक गणेशपेठेतल्या एका लेथवर नेला. मोजमाप झालं. पहिल्या तीन सिलिंडरांची झीज चालण्यासारखी, नुसतं होनिंग करून नवीन रिंगा टाकल्या तर भागेल. चौथ्यात गंजाने खड्डे पडलेले. लेथवाला म्हणाला, "साहेब, सरळ १.०० मारून टाकू. चारही नवेकोरे. माझ्याजवळ १.०० चा पिस्टन सेट पडला आहे जुना, पॅक. चार दिवसांत नेऊन घ्या."

चार दिवस! मला ते पटलं. जानेवारीचा फेब्रुवारी झाला होता, बाबा आता विचारायचेही बंद झाले होते, आणि १.०० चे पिस्टन समोर खोक्यात दिसत होते.

काका नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं, फक्त चौथं सिलिंडर मोठं कापायचं, त्यात बीडाची स्लीव्ह ठोकून बसवायची आणि ती आतून कापून पुन्हा ६८.६ वर आणायची. बाकी तिघांना हात लावायचा नाही. म्हणजे ब्लॉक आहे तिथेच राहतो, आणि ०.८० व १.०० पुढच्यासाठी शिल्लक. वेळ मात्र जास्त लागणार. स्लीव्ह मागवावी लागेल, ०.६० च्या रिंगा शोधाव्या लागतील.

"पुढचा कोण आहे, काका?" मी विचारलं. प्रश्न रागाचा नव्हता, खराच होता. माझी मुलगी पुण्यात असते आणि विजेच्या स्कूटरवर फिरते. काकांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. हे इंजिन पुन्हा झिजायला, महिन्यातून दोनदा बर्डीला जाऊन येणाऱ्या गाडीत, तीसेक वर्षं लागतील. तेव्हा पेट्रोल असेल का, हेही सांगता येत नाही. आणि इकडे एक माणूस ७८ वर्षांचा आहे, त्याला या वर्षी रामटेकला जायचं आहे. माझ्या मते हिशेब सरळ होता. जो समोर आहे त्याचं आधी बघा.

काकांनी उत्तर दिलं नाही. ते बाबांकडे बघत होते, कारण गाडी बाबांची.

बाबांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती चांदी आणि ती पत्रिका मागितली. मला वाटलं, आता काहीतरी भाषण. पण ते एवढंच म्हणाले की मागच्याने ०.६० वर थांबायचं ठरवलं नसतं तर तुला वखारीत बीडाचा तुकडा मिळाला असता. मग त्यांनी लेथवाल्याला फोन लावायला सांगितला आणि स्लीव्हचा खर्च विचारला.

मी अजूनही पूर्ण सहमत आहे असं नाही. रात्री जाग येते तेव्हा मला वाटतं, चार दिवसांत झालं असतं. धातू वाचवला, पण दिवस खर्च केले, आणि दिवसांचं माप तर आपल्याला मायक्रोमीटरने घेता येत नाही. पण गाडी बाबांची, दिवसही बाबांचे. ते कशावर खर्चायचे हे त्यांनी ठरवलं. आणि हेही खरं की फोन ठेवल्यापासून ते शेडमध्ये रोज येऊ लागलेत.

*

सध्याची परिस्थिती अशी. क्रँकशाफ्ट एका मापाने घासून आलाय, त्याला नवीन बेअरिंग मिळाले, म्हणजे चांदीची गरज उरली नाही. हेड मशीनवर सपाट केलंय. आठ पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोवून ठेवलेत, कारण ज्याची जागा त्यालाच मिळाली पाहिजे. नवीन थर्मोस्टॅट आणलाय, आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायचं नाही अशी घरात सगळ्यांना ताकीद आहे. सुट्या भागांच्या साठेक पिशव्या झाल्यात. त्यांच्यावर चिठ्ठ्या बाबा लिहितात, ऑडिटच्या अक्षरात. 'टायमिंग चेन कव्हर, नट ३ लांब, बाकी आखूड.' एक वहीही केली आहे. तिच्यात चांदी आणि पत्रिका चिकटपट्टीने लावली आहे, आणि त्याखाली नोंद आहे : 'सिलिंडर ४ ला स्लीव्ह. सर्व ०.६० वर ठेवले. ०.८० व १.०० शिल्लक.' खाली तारीख आणि सही. वही गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये राहणार आहे.

तुमच्या वाड्यात, शेतावर, काकांच्या गोठ्यात कुठे असं एखादं इंजिन ताडपत्रीखाली पडलं असेल तर एक विनंती. विकायचं तर जरूर विका, पण वखारीत न्यायच्या आधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला दाखवा. जाम झालेलं इंजिन मेलेलं असतंच असं नाही. आठ-नऊ दिवस डिझेल ओतून बघायला फारसं काही लागत नाही.

०.६० च्या रिंगा राजकोटहून येताहेत. स्लीव्ह पुढच्या आठवड्यात बसेल असं लेथवाला म्हणतो. त्याचा आठवडा किती दिवसांचा असतो हे बाबांना आता चांगलं माहीत झालंय. तरी त्यांनी काल गाडीच्या सीटांना नवीन कव्हरं शिवायला टाकली.